घड्याळ असली की फर्स्ट कॉपी? वाचकांचे प्रश्न

घड्याळाच्या सर्व्हिसिंगवर मागं लिहिलेल्या लेखावर पत्रं आली खरी, पण निम्म्याहून जास्त लोकांना सर्व्हिसिंगशी काही देणंघेणं नाही, त्यांना विचारायचंय एवढंच की ऑनलाइन दिसलेलं किंवा घेऊन बसलेलं महागडं घड्याळ असली आहे का. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. पत्रं लांबलचक होती, कापलीत, रागवू नका. आणि फोटो पाठवणाऱ्या मंडळींना आधीच सांगतो, फोटोवरून 'हे नकली आहे' असं बऱ्याचदा सांगता येतं, 'हे असली आहे' असं मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याला बहुतेक ते घड्याळ विकायचं असतं.

प्रश्न : काका, इन्स्टाग्रामवर एक जण रोलेक्स डेटजस्ट १ लाख ४० हजारांना देतोय. दुबईहून आणलंय, बॉक्स-कार्ड सगळं आहे म्हणतो. मी व्हिडिओ बघून बघून तारखेवरचं भिंग, काचेवरचा बारीक मुकुट, आतल्या रिंगवरचं नाव असं सगळं शिकलो आणि त्याला विचारलं, त्यानं क्लोजअप पाठवले आणि सगळं बरोबर दिसतंय. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

नका घेऊ.

आता कारण. तुम्ही जे तपासलंत ते चूक नाही पण जुनं झालंय. रोलेक्सच्या तारखेवरचं भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवतं, पूर्वी नकली घड्याळात ती जेमतेम दीड पट दिसायची त्यामुळं एका नजरेत काम व्हायचं. मग २००० नंतरच्या वर्षांत काचेवर सहाच्या आकड्यापाशी लेझरनं कोरलेला इवलासा मुकुट आला, त्यानंतर डायलभोवतीच्या आतल्या रिंगवर गोल फिरत रोलेक्स रोलेक्स लिहिलेलं आणि सहाच्या जागी सिरियल नंबर. पण तुम्ही जे व्हिडिओ बघितलेत ते नकली बनवणाऱ्यांनीही बघितलेत ना! आता सुपरक्लोन म्हणून जो माल येतो त्यात भिंग बरोबर, मुकुट बरोबर, रिंगवरची अक्षरं बरोबर आणि आतलं मशीनसुद्धा रोलेक्सच्या मशीनची नक्कल, म्हणजे सेकंदाला आठ ठोके आणि काटा तसाच सरकत जाणारा. या खुणा घड्याळ नापास करायच्या कामाच्या आहेत, पास करायच्या नाहीत. कुणी स्टीलमधलं डे-डेट विकत असेल तर विषय संपला कारण ते मॉडेल रोलेक्स फक्त सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये करते. डेटजस्टला मागं पारदर्शक झाकण लावून आत फिरणारं मशीन दाखवत असेल तरी संपला, कंपनी डेटजस्टला तसं झाकण देतच नाही. पण अशी ढोबळ चूक सापडली नाही याचा अर्थ घड्याळ खरं असा होत नाही, एवढंच की नक्कल चांगली असू शकते.

गॅरंटी कार्डाचंही तेच. कार्ड छापणं घड्याळ बनवण्यापेक्षा सोपं आहे. कार्डावरचा आणि रिंगवरचा नंबर जुळला की लोक निर्धास्त होतात, अहो पण एका खऱ्या घड्याळाचा नंबर उचलून तो हव्या तितक्या नकली घड्याळांवर कोरता येतो आणि त्याच नंबरची तितकी कार्डंही काढता येतात. नंबर टाकला की वर्ष सांगणाऱ्या वेबसाइट आहेत, त्या वर्षच सांगतात, तुमच्या हातातल्या वस्तूबद्दल त्यांना काही माहीत नसतं.

आणि किंमत बघा हो. नवं स्टीलचं डेटजस्ट शोरूममध्ये सात-आठ लाखांच्या पुढं जातं, चांगल्या अवस्थेतलं वापरलेलंही काही चिल्लर भावात मिळत नाही. ते खरं असेल तर तो माणूस उद्या सकाळी कुठल्याही जुन्या घड्याळांच्या डीलरकडे जाऊन तुमच्या तिप्पट पैसे रोख घेऊन येईल, तुमच्याशी आठवडाभर चॅट करत बसायची त्याला गरजच काय? आणि दुबईत काही रोलेक्स पाचव्या हिश्श्यात वाटत नाहीत, तिथं कर कमी आहे एवढंच.

तरीही मन मानत नसेल तर त्याला एक मेसेज टाका, पैसे तयार आहेत, आपण दोघं अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊ, ते उघडून बघतील आणि ओके म्हणाले की तिथंच उभ्या उभ्या ट्रान्सफर करतो. मग उत्तर काय येतं बघा. काहीतरी अडचण निघेल, घड्याळ भावाकडे आहे, सील तोडलं की व्हॅल्यू जाते, आज दुसरा गिऱ्हाईक टोकन देतोय वगैरे. खरा माल विकणाऱ्यालाही कटकट नको असते हे मान्य, पण लाखांचा व्यवहार आहे म्हटल्यावर तो तयार होतो.

रोलेक्स स्वतः ऑनलाइन नवं घड्याळ विकत नाही, त्यांच्या वेबसाइटवर कार्टचं बटणच नाही, त्यामुळं 'कंपनीची ऑफिशियल साइट, ८० टक्के सूट' असली लिंक आली की उघडूही नका. वापरलेलंच हवं असेल तर २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी सर्टिफाइड प्री-ओन्ड म्हणून योजना काढलीय, ती घड्याळं ठरावीक अधिकृत दुकानदारच विकतात आणि सोबत दोन वर्षांची गॅरंटी असते. महाग पडतं, पण ते पैसे कशाचे आहेत हे आता तुम्हाला कळलं असेल.

प्रश्न : नवऱ्याच्या वाढदिवसाला एका मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवरून टिसॉट पीआरएक्स मागवलं, चांगली सूट होती. दीर म्हणतो सेकंद काटा टकटक करत उड्या मारतोय म्हणजे डुप्लिकेट. मला तर झोपच लागेना. (एक वाचक, ठाणे)

ताई, दिराला सांगा अर्धं ज्ञान चांगलं नाही. पीआरएक्स मुख्यतः दोन प्रकारात येतं. एक क्वार्ट्झ म्हणजे सेलवालं, त्याचा काटा सेकंदाला एकदा उडी मारणारच, खऱ्याचाही मारतो. दुसरं पॉवरमॅटिक ८०, ते ऑटोमॅटिक, सेकंदाला सहा ठोके, त्याचा काटा सरकत जातो आणि पूर्ण भरलं तर काढून ठेवल्यावरही ८० तास चालतं म्हणून ते नाव. तर डायलवर काय लिहिलंय ते आधी बघा. पॉवरमॅटिक ८० लिहिलंय आणि काटा टकटक करतोय तर दीर बरोबर, लगेच रिटर्न टाका. तसं काही लिहिलेलं नाही आणि टकटक करतंय तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कार्टिए, टॅग ह्युअर अशा कंपन्यासुद्धा सेलवाली घड्याळं करतात.

तुमच्या केसमध्ये घड्याळापेक्षा अ‍ॅपवरची एक ओळ महत्त्वाची आहे. ऑर्डर उघडा आणि 'सोल्ड बाय'च्या पुढं कुणाचं नाव आहे ते बघा. अ‍ॅप कितीही मोठं असो, ते नुसतं बाजार भरवतं, माल कुणा तिसऱ्याचा असतो. ते नाव टिसॉटच्या वेबसाइटवर जी अधिकृत विक्रेत्यांची यादी आहे तिच्यात आहे का बघा आणि गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि मागच्या झाकणावरचाच नंबर आहे का ते बघा. विक्रेता यादीत नसेल तर दोन शक्यता, एक तर नकली, नाहीतर ग्रे मार्केट, म्हणजे घड्याळ खरं पण आडवाटेनं आलेलं आणि कंपनीची गॅरंटी नसलेलं. रिटर्नची मुदत आहे तोवर टिसॉटच्या सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या, मग झोपा.

आणि हो, रिटर्नवरून आठवलं. मधल्या मधे कुणीतरी खरं घड्याळ मागवतो, त्याजागी नकली भरून परत करतो आणि तोच डबा पुढच्या गिऱ्हाइकाला जातो, असंही होतं, मग विक्रेता चांगला असला तरी तुम्ही अडकता. म्हणून डबा फोडताना व्हिडिओ काढायचा, पत्त्याच्या लेबलपासून सुरू करायचा आणि झाकणावरचा नंबर दिसेपर्यंत मधे कट करायचा नाही.

प्रश्न : आजोबांकडं एचएमटी पायलट होतं ते हरवलं. आता ऑनलाइन तसंच एक १,८०० रुपयांना दिसतंय, डायल निळी, एकदम नव्यासारखं, 'ओरिजिनल, सर्व्हिस केलेलं' लिहिलंय. त्याच माणसाकडं फेवर ल्युबा सी चीफपण आहे फिरोजी डायलचं, ते ४,५०० ला. दोन्ही घ्यावीत म्हणतोय. (एक वाचक, कोल्हापूर)

एचएमटीला लक्झरी कोण म्हणतं असं विचारणारे विचारोत, फसवणुकीचा नमुना म्हणून मला हे पत्र रोलेक्सवाल्यापेक्षा जास्त आवडलं.

जगभर जुनी घड्याळं गोळा करणारे लोक एका प्रकारच्या घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. मेलेल्या चार घड्याळांतून एक चालतं घड्याळ जुळवायचं, केस बफ मारून चकाचक करायची, खराब झालेली डायल खरवडून नवा रंग मारायचा, वर नाव आणि आकडे पुन्हा छापायचे आणि 'व्हिंटेज, मिंट कंडिशन' म्हणून ऑनलाइन टाकायचं. एचएमटी, सिको फाइव्ह, सँडोझ, फेवर ल्युबा हे त्यातले नेहमीचे. आपल्याकडं हे धंद्यासारखं चालायचं कारण सरळ आहे, ही घड्याळं इथं पिढ्यान् पिढ्या खपली, त्यांचे सुटे भाग पोत्यानं पडलेत आणि ते जुळवणारे हात अजून आहेत. फेवर ल्युबा तर १८६५ पासून मुंबईत होती, आपल्या आजोबा-पणजोबांच्या लग्नातलं घड्याळ बहुतेक तेच. एचएमटीनं जपानच्या सिटिझनबरोबर १९६१ मध्ये बंगळूरला सुरुवात केली आणि सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला तो २०१६ च्या जानेवारीत, मधल्या काळात नोकरी लागली की एचएमटी हे ठरलेलं होतं. कारागिरांना मी नावं ठेवत नाही, बंद पडलेलं घड्याळ चालू करणं चांगलंच काम आहे, गडबड होते ती त्याला ओरिजिनल म्हणून विकतात तिथं.

आता तुम्ही पाठवलेल्या पायलटच्या फोटोकडं या. पायलट म्हटलं की काळी डायल आणि पांढरे ठसठशीत आकडे. निळा, गुलाबी, पोपटी असले झगमगीत रंग दिसले की रंगकाम झालंय असं धरूनच पुढं बघायचं. फोटो मोठा करा. कडेच्या मिनिटांच्या रेघा बघा, कारखान्यात छापलेल्या डायलवर त्या सगळ्या एका जाडीच्या असतात, इथं चारच्या पुढच्या दोन-तीन रेघा सुजल्यासारख्या जाड आहेत आणि बाराच्या डोक्यावरची रेघ केसभर उजवीकडं सरकलीय. खाली बारीक अक्षरात ज्वेल्स लिहिलंय त्यातल्या अक्षरांची पोटं शाईनं भरलीत. काटे जिथून बाहेर येतात त्या भोकाभोवती रंगाची कड उचललेली दिसते. आणि सगळ्यात चुगलखोर म्हणजे रेडियम, काट्यांतला पिवळा-तपकिरी पडलाय आणि आकड्यांवरचा पांढराफटक. एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या घड्याळात असं कसं होईल?

मशीनचा फोटो त्यानं दिलेलाच नाही, मागा. झाकण उघडून, उजेडात, स्क्रूच्या खाचा दिसतील असा. खाचा चुरगळलेल्या असतील तर बऱ्याच हातांतून गेलंय. फेवर ल्युबाच्या बाबतीत मशीनवर कुणाचं नाव कोरलंय ते बघा, डायलवर एक आणि आत भलतंच असेल तर विचारायचं का म्हणून. सिको कुणी घेत असेल तर त्यात अजून सोपं आहे, झाकणावर मशीनचा चार आकडी नंबर असतो आणि डायलच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात कोड असतो, त्याची सुरुवात त्याच नंबरानं व्हायला हवी, रंगवलेल्या डायलवर ती ओळ बहुतेक गायबच असते.

घ्यावं का? पायलट रोज वापरायला घेताय, रंगवलेलं आहे हे माहिती आहे आणि चालतंय नीट, तर १,८०० काही जास्त नाहीत, घ्या की. पण आजोबांचं तसंच घड्याळ म्हणून जपायला घेत असाल तर हे ते नाही. त्यापेक्षा डाग पडलेली, पिवळी झालेली पण मूळ डायल असलेलं शोधा, जाणकार लोक रंगवलेल्या चकचकीत डायलपेक्षा त्याला जास्त पैसे देतात. आणि ऑनलाइन बघायच्या आधी आत्या-मामांच्या कपाटात बघा, निम्म्या महाराष्ट्रात ही घड्याळं बंद पडून साड्यांच्या खाली पडलीत. फिरोजी सी चीफ मात्र सोडा, त्या रंगाचे पैसे कशाला द्यायचे.

प्रश्न : मी सिंगापूरला असतो. बाबांच्या साठीला ओमेगा स्पीडमास्टर द्यायचंय, जुनं, परदेशी वेबसाइटवरून. किंमत बाजारभावाइतकीच आहे, विक्रेत्याचे रिव्ह्यू चांगले आहेत. फ्रँकन, म्हणजे वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं, निघायची भीती वाटते.

भीती बरोबर आहे आणि तुम्ही एकटे नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ चं म्हणून एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेतलं कुणी, तर खुद्द ओमेगानं, आपल्या म्युझियमसाठी. २०२३ मध्ये बाहेर आलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं आणि त्यात आपलेच माजी कर्मचारी सामील होते असं कंपनीनंच सांगितलं. बनवणाऱ्याला चकवा बसतो तिथं आपण फोटो झूम करून काय करणार.

म्हणून वाटेतले पैसे सांभाळा. क्रोनो२४ सारख्या ठिकाणी एस्क्रो असतो, तुमचे पैसे विक्रेत्याला लगेच मिळत नाहीत, घड्याळ पोचल्यावर १४ दिवस मिळतात. ते दिवस बघत बसण्यात घालवू नका, पहिल्याच आठवड्यात स्वतंत्र घड्याळजीकडं उघडून घ्या. विक्रेता म्हणाला की साइटवर नको, थेट बँकेत टाका, पाच टक्के कमी करतो, तर तिथंच थांबा. हेसलाइट म्हणजे प्लॅस्टिकच्या काचेचं मूनवॉच (स्पीडमास्टरचंच दुसरं नाव) असेल तर काचेच्या अगदी मधोमध ओमेगाचं चिन्ह इतकं बारीक असतं की तिरक्या उजेडात भिंगातूनच दिसतं. ते नसेल तर काच बाहेरची आहे, दिसलं तर... वर नाशिकच्या वाचकांना सांगितलं तेच.

फुकटचा सल्ला, मूनवॉच चावीचं आहे, चावी दिली नाही तर दोनेक दिवसांत बंद पडतं. बाबांना रोज चावी द्यायची हौस आहे का विचारा आधी. आणि भारतात आणताना बिल जवळ ठेवा, कस्टम्सला जाहीर करा, बॉक्स वेगळा आणि घड्याळ हातात असली हुशारी करू नका.

प्रश्न : मी फसलोय. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सेलरकडून ३८ हजारांना टॅग ह्युअर घेतलं, घड्याळवाल्यानं उघडून सांगितलं फर्स्ट कॉपी आहे. सेलर ब्लॉक करून बसलाय. मित्र म्हणतो तूही ओरिजिनल म्हणून पुढं विकून टाक. (एक वाचक, सोलापूर)

मित्राचं ऐकलंत तर आत्ता तुम्ही फिर्यादी आहात, उद्या आरोपी व्हाल. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली नकली मार्काचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो आणि 'मलाही कुणीतरी असंच विकलं होतं' हे तिथं चालणार नाही, कारण आता तुम्हाला माहिती आहे.

पैसे नुकतेच दिले असतील तर आज, म्हणजे हा अंक बाजूला ठेवून, १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीचा नंबर आहे, लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, उशीर झाला की ते काढून घेतलेले असतात. चॅट डिलीट करू नका, 'ओरिजिनल' असं त्यानं लिहिलेलं जिथं आहे त्याचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कुरिअरची पावती आणि घड्याळवाल्याकडून दोन ओळी लेखी, एवढं गोळा करा. क्रेडिट कार्डानं दिले असतील तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागा, यूपीआयनं थेट कुणाच्या खात्यात टाकलेले पैसे तसे सहज परत मिळत नाहीत, म्हणूनच हे लोक कार्ड घेत नाहीत.

ज्यांनी अ‍ॅपवरून घेतलंय त्यांचं तुमच्यापेक्षा बरं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो, आणि जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी वस्तू विक्रेत्याला परत घ्यावीच लागते, 'नो रिटर्न' लिहिलं म्हणून सुटका नाही. नाहीच ऐकलं तर १९१५ ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील हवाच असंही नाही.

प्रश्न : काचेवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो गोल राहिला तर सफायर, म्हणजे घड्याळ खरं, असं म्हणतात. आणि वजन जास्त असलं की खरं. खरंय का? (एक वाचक, डोंबिवली)

सफायर काच आता नकली घड्याळातही सर्रास असते, आणि काच पुसलेली आहे की तेलकट यावरही थेंबाचा आकार बदलतो. वजनाचंही तसंच, जाड स्टील वापरलं की नकलीही जड लागतं. टायटॅनियमचं खरं घड्याळ हातात घेतलं तर खेळण्यासारखं हलकं वाटेल, मग ते काय नकली म्हणणार? थेंब-बिंब सोडा, घड्याळजीकडं जाऊन समोर झाकण उघडून घ्या, आणि वॉटर रेझिस्टंट घड्याळ असेल तर बंद करताना आतली रबरी रिंग बदलायची का तेही त्यालाच विचारा, ती फाटकी राहिली तर पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरेल.